छातीठोक आणि हुंकार

1893 साली गॅबॉनमधल्या फर्नांव्हाझच्या खाजणाजवळ, दाट जंगलात, एक अमेरिकन माणूस स्वतःला पिंजऱ्यात कोंडून घेऊन बसला होता. त्याचं नाव रिचर्ड लिंच गार्नर. पोलादी जाळीचा हा पिंजरा त्याने सुट्या भागांत आणवून जागेवर जोडला आणि त्याला ‘फोर्ट गोरिला’ असं ऐटबाज नाव दिलं. माणूस आत, प्राणी बाहेर. असे त्याने 112 दिवस काढले. त्याला गोरिलांचं ‘बोलणं’ हवं होतं. त्याआधी अमेरिकेत त्याने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांवर, पिंजऱ्यातल्या माकडांचे आवाज टिपले होते आणि एका माकडाचा आवाज दुसऱ्याला ऐकवून त्याचं तोंड कसं होतं तेही पाहिलं होतं. गोरिलांच्या बाबतीत मात्र गाडी अडली. फोनोग्राफ काही जंगलात पोचला नाही. उरले दोन कान आणि एक वही.

गार्नरची लोकांनी पुढे बरीच टर उडवली. पण जंगलातल्या प्राण्याचा आवाज टिपायचा तर जंगलात जाऊन बसावं लागतं, आणि बहुतेक वेळ नुसतंच बसावं लागतं, हे त्याला बरोबर उमगलं होतं. चुकलं ते पिंजऱ्याचं. गोरिला जवळ येईल तो आपण कोंडून घेतलं म्हणून नव्हे, तर त्याला आपली सवय झाली म्हणून. हे कळायला आणखी सत्तरेक वर्षं जावी लागली.

मधल्या काळात गोरिलाचा आवाज म्हणून जगाने जे ऐकलं ते भलतंच होतं. 1933 च्या ‘किंग काँग’ चित्रपटातली डरकाळी मरे स्पिव्हॅक या ध्वनितंत्रज्ञाने सिंह-वाघांच्या आवाजांतून बनवली. वेग कमी केला, उलटी वाजवली, एकावर एक चढवली. छाती बडवल्याचा आवाज ढोलकाठीने खऱ्याखुऱ्या माणसाच्या छातीवर ठोकून काढला. ते काम बेमालूम होतं यात शंका नाही. पण तेव्हापासून गोरिला म्हटलं की आपल्या कानात तेच घुमतं. प्रत्यक्षात गोरिलांच्या कळपाजवळ दिवस काढला तर डरकाळी एकदाही कानावर पडणार नाही अशीच शक्यता जास्त. कानावर पडेल ते म्हणजे देठ मोडल्याचा कडकड आवाज, चघळणं, एखादं सणसणीत पादणं, आणि या सगळ्याच्या खालून चाललेला एक घोगरा, समाधानी हुंकार.

गोरिलांची संशोधक डायन फॉसी हिने 24 सप्टेंबर 1967 रोजी रुआंडात कारिसिंबी आणि बिसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खोगिरात तंबू ठोकले आणि दोन्ही नावांचे तुकडे जोडून त्या जागेला ‘कारिसोके’ म्हटलं. 1972 मध्ये पर्वतीय गोरिलांच्या आवाजांवर तिचा शोधनिबंध आला. त्यात तिने 16 प्रकारचे आवाज वेगळे काढले होते. त्यांची इंग्रजी नावं गमतीची आहेत, पण मराठीत हे आवाज सांगायला शब्द शोधत बसावं लागत नाही. पोटभर खाऊन आडवा झालेला गोरिला घशातून जो दोन तुकड्यांचा लांब स्वर काढतो तो ढेकर आणि हुंकार यांच्या मधला. पोराने आगाऊपणा केला की आई किंवा म्होरक्या नर जे करतो ते खेकसणं: डुकराच्या घुरघुरीसारखे तुटक फटकारे. खेळताना पिल्लं खिदळतात, पण स्वर बाहेर न पडता नुसता श्वास धापा टाकल्यासारखा येतो. गोंधळात पडलेला गोरिला तीन सुरांचा छोटा भुंकार काढतो आणि तो ऐकताना प्रश्नचिन्ह जाणवतं. आणि शेवटी ‘हू-हू-हू’ अशी चढत जाणारी हुंकारमाला. ती टिपेला पोचते तेव्हा नर मागच्या पायांवर उभा राहतो आणि छातीवर ताशा वाजतो.

आता हे टिपायचं कसं?

पहिलं काम म्हणजे गोरिला सापडणं. पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी आहेत: रुआंडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवरचे विरुंगा पर्वत, आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल. दोन्हीकडची शेवटची गणना मिळून 1063. गोरिला रोज संध्याकाळी नवं अंथरूण करतो. पानं-फांद्या वाकवून, दडपून एक गोल गादी. म्हणून माग काढणारे स्थानिक लोक आदल्या दिवशी कळपाला जिथे सोडलं तिथून सकाळी निघतात, रात्रीची अंथरुणं शोधतात, अजून गरम-ओली विष्ठा बघतात आणि तुडवलेल्या वाटेने पुढे जातात. रेकॉर्डिंगवाल्याने त्यांच्या मागून मुकाट चालायचं. चढ अंगावर येणारा, उंची तीन हजार मीटरच्या घरात, आणि पानापानाला झोंबणारी खाजरी झुडपं. आपल्याकडच्या खाजकुयलीचीच आठवण करून देणारी ही नेटल जाड हातमोज्यातूनही आपलं अस्तित्व जाणवून देते.

कळप जवळ आला की शिकाऱ्याच्या नेमकं उलटं करायचं. दबा धरायचा नाही. आपण आलोय हे सांगायचं. विरुंगात माणसं गोरिलांचाच तो ढेकरवजा हुंकार काढतात. फॉसीनेही तेच केलं होतं. मध्य आफ्रिकेच्या सखल जंगलात, जिथे पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, तिथे बाआका जमातीचे माग काढणारे जिभेने टाळूवर ‘टॉक, टॉक’ असा आवाज करत जातात. गोरिलांना तो आवाज ओळखीचा झालेला असतो: नेहमीची माणसं आली, चालू द्या. ही ओळख पाडायला पर्वतीय गोरिलांच्या बाबतीत साधारण दोन वर्षं लागतात, सखल जंगलातल्या गोरिलांना त्याहून कितीतरी जास्त. ध्वनिमुद्रणाच्या खर्चाचा हिशोब मांडताना माइकची किंमत सगळे सांगतात. ही वर्षं कोणी धरत नाही.

अंतराचा नियमही आहेच. आधी 7 मीटर होता, करोनानंतर 10 मीटर, आणि तोंडावर मुखपट्टी. आपली सर्दी गोरिलांना होते आणि त्यांना ती जीवघेणी ठरू शकते, म्हणून हा नियम मोडायचा नसतो. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या दृष्टीने सगळी अडचण याच 10 मीटरांत आहे. ती समजून घ्यायला थोडं भौतिकशास्त्र लागेल.

आवाज उगमापासून दूर जाताना पसरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो 6 डेसिबलने खाली येतो. पानांतली सळसळ, माश्यांची गुणगुण, दूरचा ओढा हे मात्र सगळीकडे सारखेच असतात. म्हणजे दोन मीटरवर स्पष्ट असलेला हुंकार दहा मीटरवर जवळजवळ चौदा डेसिबल उतरलेला असतो आणि जंगल जिथल्या तिथे. पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्यांकडे यावर तोड आहे: पॅराबोला, म्हणजे परातीसारखी वाटोळी तबकडी. तिच्यावर पडलेला आवाज मधल्या माइकवर गोळा होतो. पण तबकडी तिच्या आकाराएवढ्या किंवा त्याहून लहान ध्वनिलहरीच नीट पकडते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. पक्ष्याची 4000 हर्ट्झची शीळ घेतली तर तिची लहर साडेआठ सेंटिमीटरची. ती 60 सेंटिमीटरच्या तबकडीत सहज मावते. खर्जातला 100 हर्ट्झचा आवाज घेतला तर लहर 3.4 मीटरची. ती तबकडीला ओळखही न दाखवता वळसा घालून निघून जाते. साधारण साडेपाचशे हर्ट्झच्या खाली ही परात नुसतं ओझं.

म्हणून शॉटगन माइक. वीतभर लांबीची नळी, बाजूने खाचा. समोरून आलेला आवाज सरळ आत जातो. बाजूने आलेला वेगवेगळ्या खाचांतून थोडा पुढे-मागे शिरतो आणि स्वतःलाच खोडतो. युक्ती झकास आहे, पण तीही लहरींच्या लांबीवरच बेतलेली. वीतभर नळी खर्जाला खोडू शकत नाही, त्यामुळे खालच्या सुरांत या माइकची दिशा बरीच ढिली पडते. तरी वरच्या पट्टीतला पानांचा, माश्यांचा आणि शेजारच्या माणसाच्या जॅकेटचा आवाज तो छाटतो, एवढं पुरे.

जॅकेटवरून आठवलं. ताम्हिणी घाटात वानरांचे हूप टिपायला मी एकदा नायलॉनचा रेनकोट घालून गेलो होतो. घरी येऊन ऐकलं तर चाळीस मिनिटं एक माणूस वेफर्सचं पाकीट चुरगाळतोय. जाणकार लोक सुती किंवा लोकरीचं घालतात, भिजतात आणि तक्रार करत नाहीत.

वाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. माइकवर वारा आदळला की ‘भक्-भक्’ असा आवाज येतो आणि तो खर्जातच येतो. पक्षीवाले सरळ रेकॉर्डरवरची गाळणी लावतात आणि शंभर-दीडशे हर्ट्झखालचं सगळं कापून टाकतात. त्यांच्या पक्ष्याचं काही जात नाही. गोरिलाच्या बाबतीत तीच गाळणी लावली तर वाऱ्याबरोबर गोरिलाही जातो. तेव्हा वारा माइकपर्यंत पोचूच द्यायचा नाही: आधी हवा खेळती ठेवणारी जाळीची पेटी, वर केसाळ कापडाची खोळ. ती भिजली की ओल्या मांजरासारखी दिसते आणि तितकीच निरुपयोगी होते, म्हणून दुसरी कोरडी खोळ सॅकमध्ये. दमट हवेत साधे कंडेन्सर माइक चरचरायला लागतात. त्यातल्या त्यात दमटपणा सोसणारे माइक निवडायचे आणि रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात झोपवायचे.

सगळं लावून बसलात, हेडफोन कानाला आहे. पुढचा प्रश्न: बटण कधी दाबायचं? हुंकार सूचना देऊन येत नाही. ऐकू आला म्हणजे होऊन गेला. टेपच्या काळात यावर एकच उपाय होता, टेप चालू ठेवायची आणि संपत आली की देवाचं नाव घ्यायचं. आताच्या रेकॉर्डरला ‘प्री-रेकॉर्ड’ची सोय असते. यंत्र शेवटची काही सेकंदं सतत स्मरणात धरून असतं, जुनी पुसत, नवी भरत. बटण दाबलं की ती मागची सेकंदंही फाइलमध्ये येतात. निघून गेलेला हुंकार असा शेपटीला धरून परत आणता येतो.

पातळी लावण्यात मात्र घोळ होतो. हुंकारासाठी आवाज वाढवून ठेवावा आणि तेवढ्यात नराने किंकाळी फोडावी, की लहरींची टोकं सपाट कापली जातात. ते मुद्रण मग कामाचं राहत नाही. जुने लोक मोठ्या आवाजासाठी जागा राखून पातळी खालीच ठेवत आणि हुंकारासोबत थोडी खरखर पत्करत. 32-बिट फ्लोटवाल्या नव्या यंत्रांनी ही चिंता बरीच मिटवली. फाइल कायम वेव्ह घ्यायची, एमपी3 नाही. एमपी3 माणसाच्या कानाला जे लागत नाही असं तिला वाटतं ते फेकून देते, आणि इथे प्रश्न आपल्या कानाचा नाही.

आणि आवाज पकडला तरी तो कुणाचा, हे नाही कळलं तर त्या फाइलची किंमत निम्मी. इथे गोरिला आपली चांगली जिरवतात. बरेचसे हुंकार तोंड मिटून काढलेले असतात. दहा मीटरवर झुडपात चार काळ्या पाठी, चौघांचीही तोंडं बंद, आणि मधूनच एक ‘म्म्म्-हम्म्’. हेडफोनवाला वळून माग काढणाऱ्याकडे बघतो. तो हनुवटीने दाखवतो: ती. त्याने बरगड्यांची हालचाल पाहिलेली असते. प्रत्येक गोरिलाच्या नाकपुड्यांवरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. त्यांची रेखाटनं संशोधक वहीत ठेवतात आणि त्यावरून नाव लावतात. मग रेकॉर्डर बंद न करता हळू आवाजात तिथेच बोलून ठेवायचं: तारीख, वेळ, कोण, किती अंतरावर, काय खात होती, शेजारी कोण होतं, नंतर काय झालं. माइकवाल्याचा हा पुटपुटलेला मजकूर नसेल तर शंभर सुंदर हुंकार ही निव्वळ अडगळ.

छाती बडवण्याकडे आता वळतो. मराठीत ऊर बडवून घेतात ते शोकाने, आणि छातीठोकपणे सांगतात ते खात्रीने. गोरिलाचा प्रकार दुसऱ्या जातीतला. घरी करून पाहा: मूठ वळून छातीवर मारा, ‘धप्प’ असा मेलेला आवाज येईल. आता तळहात पन्हाळीसारखा खोलगट करून मारा. हवा अडकते आणि ‘पॉक’ असं घुमतं. गोरिला दुसरं करतो. त्याशिवाय मोठ्या नराच्या घशापासून छातीपर्यंत हवेच्या पिशव्या असतात, त्या या घुमण्याला साथ देतात. हा आवाज किलोमीटरभर जाऊ शकतो.

तो खरं बोलतो का? ‘मी मोठा आहे’ असं लहानखुरा नरही ठोकून सांगू शकेल की. एडवर्ड राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुआंडात हे तपासलं. निबंध 2021 मध्ये आला. हुंकारमाला सुरू झाली की माइक धरायचा, ठोके टिपायचे. दुसरीकडे त्याच नरांच्या पाठीची छायाचित्रं घ्यायची, कॅमेऱ्याला लावलेल्या दोन समांतर लेझरांचे ठिपके पाठीवर पडतील अशी. ठिपक्यांतलं अंतर माहीत असतं, म्हणून तीच मोजपट्टी. हात न लावता पाठीची रुंदी मिळते. दोन्ही जुळवल्यावर दिसलं की धिप्पाड नरांचे ठोके खालच्या सुरात असतात. ठोकणं छातीठोकच होतं म्हणायचं. पण माझं लक्ष वेगळ्याच आकड्यावर खिळलं. अभ्यासात 25 नर होते, आणि आवाजाच्या विश्लेषणाला चालतील असे ठोके मिळाले सहा नरांचे, एकूण 36. इतक्या गाजलेल्या, किलोमीटरभर जाणाऱ्या आवाजाचे फक्त 36 स्वच्छ नमुने. ऐन वेळी आपण तिथे असणं, मध्ये झाड नसणं, पाऊस नसणं आणि बटण दाबलेलं असणं इतकं सगळं जुळावं लागतं.

माणूस सगळीकडे बसू शकत नाही, म्हणून यंत्रं झाडावर बांधून ठेवण्याची पद्धत आली. काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तरेकडच्या नुआबाले-न्डोकी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकल्पाने हत्तींचे आवाज ऐकण्यासाठी 50 रेकॉर्डरांचं जाळं सुमारे 1250 चौरस किलोमीटरवर पसरलं. हत्तींचे खर्ज आणि चोरट्या शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बार पकडणं हे त्याचं काम. पण झाडावरच्या माइकला आवडनिवड नसते; जवळपास गोरिला छाती बडवत असेल तर तेही त्यात उतरणार. हिशोब मात्र बघायला हवा. सेकंदाला 44,100 नमुन्यांनी एका माइकचं 16-बिट मुद्रण तासाला सुमारे 318 एमबी होतं, दिवसाला साडेसात जीबी. खर्जातल्या आवाजाला एवढे नमुने लागत नाहीत. सेकंदाला 8000 घेतले तरी 4000 हर्ट्झपर्यंतचं सगळं येतं आणि तास 58 एमबीत बसतो. तेच कार्ड आणि तीच बॅटरी मग महिनोन् महिने पुरते, जर मुंग्यांनी माइकच्या भोकात बिऱ्हाड केलं नाही तर.

ही यंत्रं गडगडाटाला चांगली, हुंकाराला कुचकामी. हुंकार वीस-तीस मीटरांत विरतो आणि त्याचा अर्थ समोर काय चाललंय त्यावर ठरतो. डॅनिएला हेडविग यांनी पर्वतीय आणि पश्चिमेकडचे सखल जंगलातले, अशा दोन्ही गोरिलांचे जवळचे आवाज तपासले ते हातात माइक धरूनच. संगणकावर वर्णपट काढला की, म्हणजे आडवा काळ, उभी पट्टी आणि गडदपणा म्हणजे जोर असं चित्र, छातीचे ठोके कुंपणाच्या दांड्यांसारखे उभे दिसतात आणि हुंकार जमिनीलगत पसरलेल्या धुक्यासारखा. त्या धुक्यात त्यांना मोजके सुटे घटक सापडले, आणि गोरिला ते घटक सुटे काढतात तसे एकापुढे एक जोडूनही काढतात असं दिसलं. भाषा म्हणायची घाई कोणी करू नये. गार्नरने ती केली आणि फसला. 2016 मध्ये काँगो प्रजासत्ताकातल्या गोरिलांबद्दल आलेला निबंध मात्र वाचताना हसू येतं: जेवताना गोरिला गुणगुणतात, कधी सूर बदलत चक्क गातात, आणि सगळ्यांत जास्त गातो तो म्होरक्या नर. पंगतीत मोठे मालक जेवत आहेत, अजून उठायचं नाही, असा काहीसा त्याचा अर्थ असावा असं संशोधकांना वाटतं.

उठण्याचंही असंच. दुपारी कळप पसरतो. नर पालथा, पिल्लं त्याच्या पाठीवर घसरगुंडी खेळत, आया एकमेकींच्या केसांत गुंतलेल्या. तासभर हेडफोनमध्ये माश्या आणि पोटांची गुरगुर. मग एक दुहेरी घुरघुर, उजवीकडून. बऱ्याच वेळाने दुसरी, डावीकडून. मग पहिलीला उत्तर. केली स्ट्युअर्ट आणि अलेक्झांडर हारकोर्ट यांनी कारिसोकेत हे मोजलं होतं: विश्रांती संपत आली की या घुरघुरी दाट होत जातात, एकेक जण त्यात सामील होतो, आणि मग कळप उठतो. म्हणून अनुभवी रेकॉर्डिंगवाला तिसऱ्या-चौथ्या घुरघुरीला सॅकचे बंद आवळायला लागतो. समोर अजून सगळे लोळलेलेच असतात.